बसलेलीचं नाव

सामना सुरू होण्याआधी तांबोळीबाई चपला काढायच्या. चुन्याच्या रेघेबाहेर दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवायच्या, कानामागे पेन्सिल खोचायच्या आणि एक पाठकोरा कागद घेऊन अनवाणी मैदानात जायच्या. दोन्ही संघांतल्या प्रत्येक मुलीसमोर थांबून एकच प्रश्न विचारायच्या, "तुझं नाव काय, आणि ते कसं म्हणायचं?" एखादी लाजून "काहीही म्हणा" असं बोलली, तर बाई पेन्सिल खाली घ्यायच्या. "काहीही म्हणायला तू सोसायटीतलं मांजर आहेस का? नीट सांग."

मग त्या ध्वनिक्षेपकापाशी येऊन बसायच्या आणि पुढचा सगळा वेळ समोरच्या शेकडो माणसांना खो-खो दाखवायच्या. डोळ्यांना दिसत असलेलाच खेळ, पण बाईंनी सांगितल्यावर तो जास्त दिसायचा. पुण्यात गेली चाळीस वर्षं मैदानावर किंवा रेडिओवर ज्याने कुणी खो-खोचं समालोचन ऐकलं असेल, त्याने बहुधा त्यांचाच आवाज ऐकला असेल. नोकरी महापालिकेच्या शाळेत, खेळाच्या शिक्षिकेची. त्याआधी स्वतः खेळाडू. आणि अलीकडे, सामने मातीवरून मॅटवर आणि मॅटवरून टीव्हीवर गेल्यावर, साठी उलटलेल्या बाई अचानक प्रसिद्ध झाल्या. "कोमल उठली! बघा कशी उठली!" हे त्यांचं वाक्य कॉलेजच्या पोरांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसलं. कुणी परीक्षेच्या दिवशी उशिरा उठलेल्या मित्राचा व्हिडिओ काढून त्याला ते लावलं, कुणी आपल्या आजीला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठलाग करणाऱ्या संघातली एकच मुलगी पळत असते. बाकीच्या आठ जणी मधल्या पाटीवर ओळीने उकिडव्या बसलेल्या असतात. पळणारी एखादीच्या मागे जाऊन पाठीला हात लावते आणि "खो" म्हणते. मग ती उठून पळायला लागते आणि पहिली तिच्या जागी बसते. बाई शाळेत पहिल्याच तासाला शिकवायच्या, "खो मागून द्यायचा. मोठ्याने द्यायचा. आणि दिल्यावर तिच्या जागी बसायचं. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना येतात. तिसरी येत नाही, आणि मग आपण म्हणतो देश का बिघडला."

इतर समालोचक पळणारीबद्दल बोलायचे. बाई बसलेल्यांची नावं घ्यायच्या. मी त्यांच्या शाळेत सातवीत असताना आमच्या संघात होते. अगदी टोकाला, खांबाच्या शेजारी बसायचे, कारण पळण्यात मी कच्ची होते. बिबवेवाडीतल्या एका सामन्याला माझे बाबा आले होते. डाव संपत आला तरी माझ्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, "खांबाजवळ बसली आहे प्रज्ञा साळवे. तिला अजून खो मिळालेला नाही. पण तिच्या टाचा बघा, ती कधीच उठलेली आहे." मैदानावरच्या सगळ्या माना माझ्या टाचांकडे वळल्या. शेवटपर्यंत मला खो मिळाला नाही. तरी घरी जाताना बाबा रस्त्याने दोनदा म्हणाले, "अख्खं नाव घेतलं गं त्यांनी. साळवेसकट."

आमच्या घरात नावाचं मोल होतं. माझे आजोबा छप्पन्नच्या दीक्षेनंतर पहिल्यांदा स्वतःची सही करायला शिकले. बाबांचं बिबवेवाडीत छपाईचं लहान दुकान. लग्नपत्रिकांवर पोट चालायचं आणि पत्रकांवर मन. मोर्चा असो, पाण्याचा प्रश्न असो, शाळा बंद पडणार असो, पत्रक आमच्याकडे छापलं जायचं आणि बऱ्याचदा पैसे न घेता. मी वाचायला शिकले ती वाया गेलेल्या पत्रकांच्या पाठीमागे अक्षरं गिरवत, आणि मग कागद उलटून पुढचा मजकूर वाचत. त्यामुळे उद्गारचिन्ह मला फार लवकर कळलं आणि स्वल्पविराम फार उशिरा.

कॉलेजात गेल्यावर मी बाईंची गुणलेखिका झाले. म्हणजे त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून कोण कधी बाद झालं ते लिहायचं. तेव्हा बाई मला जवळून दिसल्या. आणि खरं सांगायचं तर, त्यांच्या एका गोष्टीची मला लाज वाटायची. बाई कधीच फुकट बोलायच्या नाहीत.

कर्वेनगरच्या एका सोसायटीने सामने भरवले होते. त्यांचे अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "अहो, आपल्यासारख्या व्यक्तीला मानधन काय विचारायचं? आम्ही आपला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू." बाई म्हणाल्या, "जरूर करा. पण शाल रिक्षावाला घेत नाही." अध्यक्ष हसले, बाई हसल्या नाहीत, आणि मानधन ठरलं. मी परतताना म्हणाले, बाई, खेळाची सेवा आहे ना ही. तर म्हणाल्या, "मी फुकट बोलले तर माझ्यानंतर येणाऱ्या बाईलाही फुकट बोलावतील. वर म्हणतील, तांबोळीबाई नाही घ्यायच्या हो. मेल्यावर मला तिच्या शिव्या नकोत."

त्याहून मला खटकली ती बुटांची जाहिरात. त्यांच्या ओळखीच्या एका दुकानदाराने कॅनव्हासच्या बुटांसाठी त्यांचा आवाज मागितला. बाईंनी पैसे घेतले आणि त्याने लिहून दिलेलं "हे बूट घाला आणि जिंका" हे वाक्य खोडून स्वतःचं म्हटलं: "हे बूट घालून तुम्ही जिंकाल असं मी म्हणणार नाही. टाच सोलत नाही, एवढं मी वापरून सांगते." दुकानदार आठवडाभर फुगून बसला होता. मग लोक दुकानात येऊन "ते टाच न सोलणारे द्या" म्हणायला लागले, तेव्हा त्याचा राग गेला. माझा मात्र गेला नाही. लोकांनी मैदानावर प्रेम केलं त्या आवाजाने बूट का विकावेत? मला वाटायचं, लोकांचं प्रेम ही ठेव आहे आणि तिला हात लावणं म्हणजे गद्दारी. वय वीस होतं. त्या वयात गद्दार फार सापडतात.

मग ती मोठी मागणी आली. टीव्हीवरच्या नव्या खो-खो लीगच्या प्रायोजकांत एक मोबाइलवरचा खेळ होता. लोकांनी खेळाडू निवडायच्या, त्यांच्यावर पैसे लावायचे, आणि त्या खऱ्या सामन्यात कशा खेळतात त्यावर जिंकायचं किंवा हरायचं. त्या कंपनीला बाईंचा आवाज हवा होता आणि ते गाजलेलं वाक्य हवं होतं. रक्कम एवढी की बाईंचं घर झालं असतं. हडपसरमधल्या दोन खोल्यांत त्या तीस वर्षं भाड्याने राहत होत्या, आणि तिथे आता इमारत उठणार असल्याने मालकाने खोल्या सोडायला सांगितलं होतं. बाईंच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. त्यांना तळमजल्यावरचं, स्वतःचं, एवढंच हवं होतं. नाही म्हणायच्या आधी त्या विचार करत होत्या, आणि मला त्या विचार करत होत्या याचाच संताप आला.

मी पत्रक काढलं. बाबांच्या मशीनवर, बाबा नाशिकला गेलेले असताना. वर जाड अक्षरांत ‘तांबोळीबाईंचा आवाज विकाऊ नाही!’, खाली जुगाराच्या धंद्यावर सणसणीत मजकूर आणि शेवटी ‘आम्ही सर्व खेळाडू’ असं लिहून नऊ नावं. नावं कुठून आणली? बाईंच्या त्या पाठकोऱ्या कागदावरून. तो नेहमी माझ्याच फायलीत असायचा. रविवारी सामन्याच्या वेळी मी स्वतः प्रेक्षकांत पत्रकं वाटली. ऊर भरून आला होता.

मंगळवारी कोमलची आई सरावाच्या वेळी मैदानावर आली. कोमल पवार म्हणजे तीच, वाक्यातली. तिची लीगच्या एका संघात निवड झाली होती आणि त्या संघाच्या व्यवस्थापकाने घरी फोन करून विचारलं होतं की आमच्या प्रायोजकाविरुद्ध तुमच्या मुलीची सही आहे, तर तिला खेळायचं आहे की नाही. कोमलची आई हडपसरच्या एका कंपनीत कँटीनमध्ये पोळ्या करते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. भांडली नाही. पत्रक घडी घालून आणलं होतं, ते बाईंच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाई, माझ्या पोरीनं सही केलेली न्हाय. तिला ठावंच न्हाय ह्यातलं."

बाईंनी पत्रक वरून खालपर्यंत वाचलं. शुद्धलेखन तपासताना वाचतात तसं. मग मला म्हणाल्या, "साळवे, मुलींना विचारलं होतंस?"

एरवी त्या मला प्रज्ञा म्हणायच्या.

मी म्हणाले, हे त्यांच्यासाठीच आहे, तत्त्वाचा प्रश्न आहे, जुगारात त्यांच्या नावांचा वापर होणार आहे.

"मी काय विचारलं आणि तू काय सांगतेस?"

बाईंनी तिथेच त्या व्यवस्थापकाला फोन लावला. त्याला सांगितलं की नावं एका मूर्ख मुलीने न विचारता टाकली आहेत, मुलगी माझी आहे, बोलायचं तर माझ्याशी बोला. कोमलची जागा राहिली. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्या फायलीतून तोच पाठकोरा कागद काढून माझ्या हातात दिला. "नऊ नावं आहेत. नऊ घरं असतील. जा."

मी गेले. दोन दिवस बस बदलत हडपसर, बिबवेवाडी, कर्वेनगर केलं आणि प्रत्येक दारात उभं राहून माफी मागितली. एका आजोबांना पत्रक इतकं आवडलं होतं की ते मला आत बोलावून अजून प्रती मागत होते. त्यांची नात मात्र माझ्याशी बोलली नाही. शेवटचं घर कोमलचं. तिच्या आईने चहा ठेवला. कोमल म्हणाली, "ताई, तू लिहिलंयस ते बरोबरच असेल. पण मला आधी दाखवायचं ना. मी कदाचित केली असती सही."

आजवर अनेक सभांमध्ये अनेक भाषणं ऐकली, पण लोकशाही मला कोमलच्या त्या एका वाक्याने कळली.

पुढच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "आणि माझा आवाज विकाऊ नाही हे तुला कुणी सांगितलं? चाळीस वर्षं विकतेय. चल, उद्या त्यांनी बोलावलंय. विरोध करायचा तर माल बघून करावा."

स्टुडिओ कर्वेनगरमध्ये एका फ्लॅटमध्ये होता. भिंतींना काळा फोम लावलेला. कंपनीकडून आलेल्या मुलाचं नाव सिद्धांत होतं, याला माझा इलाज नाही. बाईंनी त्यालाही ते नीट म्हणायला लावलं. तो भला मुलगा होता, बाईंच्या पायाही पडला. म्हणाला, "मॅडम, तुमचा व्हॉइस म्हणजे आमच्यासाठी इमोशन आहे. कम्प्लीट नॉस्टॅल्जिया."

त्याने संहिता दिली. ‘कोमल उठली! बघा कशी उठली! आता तुमचं नशीबही उठणार!’ बाईंनी चाचणीपुरतं ते एकदा वाचलं. काचेपलीकडे सगळ्यांनी अंगठे वर केले. मला तो आवाज ऐकवत नव्हता, कारण तो नेहमीइतकाच सुंदर होता.

मग बाई म्हणाल्या, "हे खेळतात कसं, ते दाखव बरं." सिद्धांतने मोबाइल पुढे केला. खेळाडूंचे फोटो, खाली आकडे. बाद केलं की गुण, सूर मारून बाद केलं की जास्त गुण, जास्त वेळ नाबाद राहिलं तरी गुण. बाईंनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

"खो दिला, त्या मुलीला किती?"

सिद्धांतने स्क्रीन वरखाली केली. "तशी कॅटेगरी नाहीये, मॅडम. जी आउट करते तिला पॉइंट्स."

"आणि बसलेली?"

"बसलेली म्हणजे… ती त्या वेळी इनॅक्टिव्ह असते ना."

मला त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधायचा होता. तो नव्हता. आपण एखाद्याला आयुष्यभर पत्ता सांगावा आणि त्याने शेवटी भलत्याच गावाला उतरावं, तसं काहीतरी होतं.

"मुलींना विचारलंय?" त्यांनी विचारलं. मला विचारलेला तोच प्रश्न, त्याच सुरात. माझी मान आपोआप खाली गेली.

"लीगबरोबर कॉन्ट्रॅक्ट आहे, मॅडम. सगळं लीगल आहे."

"लीगचं नाही विचारलं मी. कोमलला कुणी विचारलंय का, की तुझं नाव घेऊन तांबोळीबाई लोकांना पैसे लावायला सांगतील, चालेल का?"

सिद्धांत बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. तो खरंच भला होता, त्याने मार्ग काढला होता. नावं नकोत. बाईंनी नुसतं ‘पोरगी उठली’ म्हणावं. रक्कम तीच. बाईंनी पाणी मागितलं. पूर्ण पेला प्यायल्या, हळूहळू. त्या वेळात त्यांच्या मनात तळमजल्यावरचं ते घर होतं, दार उघडलं की सरळ रस्ता असलेलं. हे मला माहीत आहे, कारण पेला खाली ठेवताना त्यांचा हात गुडघ्यावर होता.

"हे बघ बाळा," त्या म्हणाल्या, "पैशांना माझी ना नाही. आवाज माझा आहे, तो मी विकते. नावं माझी नाहीत. ती मुलींनी मला मैदानापुरती दिलेली असतात. तू नावं काढलीस, चांगलं केलंस. पण बसलेल्या मुलीला जो इनॅक्टिव्ह म्हणतो, त्या खेळाला मी खो-खो कसा म्हणू? ते म्हणायचे पैसे नाही घेता येणार मला." आणि उठता उठता म्हणाल्या, "चाचणीचं वाचन झालं आहे. त्याचे पैसे काढ. आणि ते पुसून टाक, माझ्यासमोर."

त्याने पुसलं. पैसेही दिले.

जिना उतरताना बाईंनी कठडा धरला. दोन पायऱ्या झाल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "गेलं घर." एवढंच. मी पहिल्यांदाच काही घोषणा न देता त्यांचा दुसरा हात धरला. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि तो कुठल्याही पत्रकात मावणारा नव्हता. ज्या प्रसिद्धीला मी हातही लावू नये म्हणत होते, तिला त्यांनी खुशाल हात लावला होता, वजन करून पाहिलं होतं, आणि नेमकी जेवढी त्यांची नव्हती तेवढीच परत ठेवली होती.

त्या कंपनीने मग दुसरा आवाज घेतला. लीगने समालोचनासाठी पुढच्या वर्षी बाईंना बोलावलं नाही. बाई हडपसरमध्येच दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला गेल्या. लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर दम खायला थांबतात आणि दारांवरच्या पाट्या वाचतात, त्यामुळे महिन्याभरात अख्ख्या इमारतीची नावं त्यांना पाठ झाली. मी वाईट वाटल्याचं बोलले, तर म्हणाल्या, "घर भाड्याचं असलं तरी चहा माझाच असतो. घे."

मी पत्रकं अजून लिहिते. आता सह्या आधी घेते. अर्ध्या लोकांना पटत नाही आणि ते सही करत नाहीत. त्यामुळे पत्रक लहान होतं, पण उभं राहतं.

गेल्या हिवाळ्यात बिबवेवाडीच्याच मैदानावर शालेय सामने होते. बाईंचा घसा महिनाभर बसलेला होता. तरी त्या आल्या, चपला काढल्या, सगळ्या मुलींची नावं लिहून घेतली. मी माझ्या खुर्चीत गुणपत्रिका आखत होते. पंच शिट्टी तोंडात धरून उभे होते आणि भोंगा खरखरत होता. तेवढ्यात माझ्या पाठीवर तळवा पडला आणि कानामागे, त्या बसलेल्या घशातून निघेल तेवढ्या मोठ्याने, शब्द आला.

"खो."

मी उठले. या बाबतीत विचार करायचा नसतो, टाचा आपोआप उचलल्या जातात. वळून पाहिलं तर बाई माझ्या खुर्चीत बसल्याही होत्या. पेन्सिल हातात घेतली होती आणि नावांचा कागद माझ्यापुढे धरला होता. "मानधन ठरवून दिलंय," त्या म्हणाल्या. "माझ्याइतकंच. कमी घेशील तर बघ."

मी ध्वनिक्षेपकाशी बसले. नावं वाचून पाहिली. प्रत्येकीपुढे, कसं म्हणायचं, तेही लिहिलेलं होतं. एक नाव त्यात नव्हतं. इतक्या वर्षांत ते कुणी भोंग्यातून घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, कारण समालोचन करणारा स्वतःचं नाव घेत नाही. मी ध्वनिक्षेपकावर हात ठेवला आणि त्यांच्याकडे वाकले.

"बाई, तुमचं नाव काय, आणि ते कसं म्हणायचं?"

"माहीत नाही तुला?"

"माहीत आहे. पण विचारल्याशिवाय घ्यायचं नाही ना."

बाईंनी गुणपत्रिकेवरून नजर काढली नाही. पण पेन्सिल थांबली. "घे," त्या म्हणाल्या. "ळ नीट उच्चार."

शिट्टी झाली. मी हात काढला.

"नमस्कार. पाटीवर आठ जणी बसल्या आहेत, त्यांची नावं मी सांगणारच आहे. पण आधी, इथे माझ्या शेजारी, गुणलेखिकेच्या खुर्चीत बसल्या आहेत रशीदा तांबोळी."